कालच्या दुधावरची साय

ऐंशीनंतर कधीतरी मुलुंडच्या आमच्या घरात फ्रिज आला आणि दूध जास्तच वाया जायला लागलं. ‘आहे ना फ्रिजमध्ये’ म्हणत सगळे निर्धास्त. आई कालचं पातेलं पुढे ठेवायची, आजचं मागे. पण कालची साय आम्ही भावंडांनी कालच खाल्लेली असायची, म्हणून हात घालून मागचंच पातेलं ओढायचो. ओरडून ओरडून आई थकली. मग एक दिवस तिने आजच्या दुधावरची जाड साय अलगद उचलली आणि कालच्या दुधावर पसरली. संध्याकाळपर्यंत कालचं पातेलं रिकामं. तुपाला साय उरेना म्हणून वडील कुरकुरले.

आई म्हणाली, “मोरीत ओतण्यापेक्षा पोरांच्या अंगी लागतंय ना, मग झालं.”