टॉमचा निरोप घेऊन कँटोन्मेंटला

विहीणबाई येणार म्हणून म्हैसूर, लालबाग, सिल्कच्या साड्या असा माझा झकास बेत ठरला होता. हेलननं आल्या आल्या तो मोडीत काढला. हेलन म्हणजे आमच्या अनघाची सासू, राहणार होबार्ट, टास्मानिया. म्हणाली, मला फक्त तुमचं जुनं कँटोन्मेंट बघायचंय. अगं बाई, तिथं आता मॉलशिवाय आहे काय?

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा खापरपणजा टॉम इथल्या गोऱ्या पलटणीत साधा शिपाई होता. सार्जंटवर हात उगारला म्हणून त्याला कैदी करून मद्रासहून जहाजानं ऑस्ट्रेलियाला धाडलं. बायको मेरी इथंच राहिली. तिला भेटूसुद्धा दिलं नाही. पुढे ती तापानं गेली, ते त्याला फार उशिरा कळलं. त्यानं दुसरं लग्न केलं, हेलन त्या दुसरीच्या वंशातली. पण मरेपर्यंत म्हाताऱ्याच्या जिवाला एकच घोर होता, की मेरीला वाटलं असणार, हा आपल्याला टाकून गेला. घरात कैद्याचं नाव काढायची लाज, म्हणून ही गोष्ट आया फक्त मुलींच्या कानात सांगत आल्या. हेलनला मेरीची कबर शोधून तिला खरं काय ते सांगायचं होतं.

सकाळी मल्लेश्वरमात लोण्यानं थबथबलेला बेण्णे दोसा खाऊन निघालो. तुम्ही जाणार असाल तर सरळ मेट्रो धरा, मॅजेस्टिकला बदला आणि एम. जी. रोडला उतरा. तेवढ्यासाठी ऑटोवाल्यांशी हुज्जत घालायला देवानं आयुष्य दिलेलं नाही.

आमचे अप्पा कँटोन्मेंटला इथल्या कानडी रीतीनं 'दंडू' म्हणत. परीक्षा संपली की आम्हाला दंडूला आईस्क्रीम खायला आणत. परेड ग्राउंडच्या कुंपणापाशी उभी राहिले आणि अप्पांची इतकी आठवण आली म्हणून सांगू! मोठमोठ्या झाडांची ती सावली, तो शांत रस्ता, आता शोधूनही सापडायचा नाही. हेलन कुंपणाचे गज धरून कितीतरी वेळ आत बघत होती.

तिथून ऑटोनं जुन्या दफनभूमीत. (पाणी बरोबर ठेवा, डासांचं मलमही.) हेलननं एकूण एक दगड वाचला. कर्नल, डॉक्टर, त्यांची लेकरं. शेवटी तिथल्या राखणदार अण्णांना मी कानडीत विचारलं. ते म्हणाले, अक्का, साध्या शिपायांच्या बायकांना कुठला दगड? लाकडाचा क्रॉस असायचा, तो वाळवीनं कधीच खाल्ला. हे तिला इंग्रजीत सांगताना माझाच जीव कासावीस झाला. ती तिथंच कठड्यावर बसली.

घरी माझी दुसऱ्या दिवशीची तयारी चालू होती. पितृपंधरवडा, अविधवा नवमी. सासूबाई अहेवपणी गेल्या, त्यांचं पान असतं. नवरा हयात असताना गेलेल्या बायकांचा हा दिवस, असं हेलनला सांगता सांगता मी थबकले. अरे, मेरी गेली तेव्हा टॉम हयातच होता की! म्हटलं, उद्या तिचंही पान मांडू, तू वाढ.

हेलन मागं सरली. "मी दुसरीच्या घरातली. मी कुठल्या तोंडानं वाढू?"

माझी काकू दुसरेपणाची. थोरलीचं पान वाढल्याशिवाय नवमीला तिनं कधी घास घेतला नाही. मी म्हटलं, "अगं, आमच्यात पहिलीचं पान दुसरीनंच वाढायचं असतं. तुझ्याइतका मान दुसऱ्या कुणाचा नाही."

नवमीला सासूबाईंच्या शेजारी मेरीचं पान मांडलं. हेलननं स्वतःच्या हातानं भात, वरण, खीर वाढली, आणि त्या पानासमोर मांडी घालून बसली. मग तिच्या भाषेत, स्पष्ट आवाजात म्हणाली, "मेरी, टॉम तुला टाकून गेला नव्हता. त्याला धरून नेलं." आमचे हे चष्मा पुसायच्या निमित्तानं आत गेले. मी बसल्या जागी रडले.

हेलन जाऊन महिना झाला. म्हैसूर राहिलं, साड्याही राहिल्या, त्याचं काही वाटत नाही. काल तिचा फोन आला. होबार्टला केळीचं पान मिळत नाही, पुढच्या नवमीला काय करू, विचारत होती. मी म्हटलं, साध्या ताटात वाढ. फक्त तू जेवायच्या आधी वाढ.