कॅसेटमधला दुसरा कप

राजाजीनगरच्या दोन खोल्यांत गिरीराज एकटा राहायचा, आणि यापुढे राहू द्यायचं की नाही हे त्याची अक्का ठरवणार होती. चाळिशी उलटलेला माणूस, पण एक काम हातात घेतलं की पुढचं डोक्यातून निसटायचं. जन्मापासूनचंच ते. दूध तापवायचा, गॅस बंद करायचा राहायचा. लोक वेडा म्हणत. म्हणोत बापडे! उदबत्तीच्या कारखान्यात तो रोज पुड्या भरायला जायचा आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आई चंद्राबाई मोठी खमकी. आपले फार दिवस उरले नाहीत हे कळल्यावर ती रडत बसली नाही. तिने टेपरेकॉर्डर मागवला, चालू करायच्या बटणावर लाल टिकली चिकटवली, आणि एका सकाळी गिरीच्या मागे मागे फिरत बोलत राहिली. "गिरी, दात घास. झालं? आता दूध ठेव. स्वल्प थांब, तिथनं हलू नको. हां, वर आलं बघ. गॅस बंद कर. कॉफी, साखर घाल. दोन कप घे. एक तुझा, एक माझा." शेवटी कुलूप, गळ्यातली किल्ली. ती गेल्यावर वर्षभर गिरी रोज टिकली दाबायचा आणि त्या आवाजामागून चालायचा.

वर्षश्राद्धाला हुबळीहून अनुसूयाअक्का आली. तिच्या नवऱ्याने तिकडे एका आश्रमात बोलून ठेवलं होतं. गिरीचं इथे धड चालत नसेल तर त्याला घेऊनच यायचं. पहिल्याच सकाळी गिरीने सगळं नीट केलं, आणि भरलेला दुसरा कप आईच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"गिरी, आई कुठंय?"

"आई वारली," तो म्हणाला.

"मग हा कप कुणाला?"

"आईला."

अक्का शाळेतली बाई. चूक दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन कसली! नवी कॅसेट आणून तिने आपल्या आवाजात सगळं भरलं, सुटसुटीत, एकाच कपाचं.

दुसऱ्या दिवशी गिरीने ब्रश तोंडात घातला तोवर अक्काचा आवाज गॅसपाशी पोचला होता. तो गॅसपाशी पळाला, तर आवाज कुलपापाशी. बिचारा घरभर आवाजामागे धावला. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅसचा वास सुटला. अक्काने धावत येऊन बटण फिरवलं. तोंडाला फेस, हातात कुलूप, गिरी मधोमध उभा राहून रडत होता.

"पुरे झालं. उद्या माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. गिरीने टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी सामान बांधताना अक्काने तो टॉवेल सोडला आणि जुनी कॅसेट लावली. "स्वल्प थांब," आई म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ नुसता तिचा श्वास, खोकला, भांड्याचा आवाज. दूध वर येईपर्यंत आई थांबली होती. अक्का थांबायचंच विसरली होती. मग "एक माझा" आलं, आणि त्याच्यामागून बशीतून कॉफी ओढल्याचा आवाज. "साखर बरोबर पडली रे आज." अक्का हमसून हमसून रडली.

सकाळी जुन्या कॅसेटवर गिरीने दोन कप भरले, तेव्हा ती आईच्या खुर्चीत बसली आणि कपाकडे हात नेला.

"तो आईचा," गिरी म्हणाला.

तिने हात मागे घेतला. जाण्याआधी तिने रेडिओच्या दुकानातून जुन्या कॅसेटच्या नकला करून आणल्या, फीत झिजली तर असाव्यात म्हणून. हुबळीच्या गाडीत ती एकटीच बसली.

दुसऱ्या दिवशी गिरीने टिकली दाबली. आईची कॉफी संपेपर्यंत तो समोर बसून राहिला. "जा आता, उशीर होईल," आई म्हणाली. त्याने थंड झालेला कप मोरीत ओतला, कुलूप लावलं आणि कारखान्यात गेला.

संध्याकाळी परत आला. खानावळीचा डबा दारात होता. तो जेवला, डबा धुतला, आणि टेपरेकॉर्डरसमोर बसला. संध्याकाळची कॅसेट भरायला आई उरली नव्हती.