फाटक्या आवाजाचे अण्णा

स्वच्छ आवाजाचा अण्णांना मनापासून कंटाळा होता. आमच्या सांगलीच्या ऑर्केस्ट्रात ते लीड गिटार वाजवायचे आणि पायाशी एक लाल डबी ठेवायचे. ती पायाने दाबली की गिटारचा गोड, सोवळा आवाज एकदम चिरफाळून गुरगुरत बाहेर यायचा. दुकानात तिला काय म्हणतात कोण जाणे, आमच्यात तिचं नाव 'फाटका'. "फाटक्यावर पाय दिल्याबिगर गाण्याला चव येत न्हाई बघ," असं ते मला सांगायचे. मी गाणारी बाई. माझा आवाज त्या फाटक्याखाली हमखास दबायचा, पण हे अण्णांना सांगून उपयोग नसायचा.

वाईला एका लग्नात त्यांनी ऐन रंगात फाटका दाबला. मंडपवाल्याला वाटलं, आपला स्पीकर गेला. तो धावत आला आणि त्याने सगळ्यांचीच वायर उपटली. मी माईकसमोर तोंड उघडून उभी, नवरा-नवरी बावचळलेले.

"आवं, फाटका हाय त्यो!" अण्णा स्टेजवरून ओरडले.

"फाटलाय ते कळलं की! म्हणून तर बंद केला," मंडपवाला खालून म्हणाला.

ही वादावादी बराच वेळ चालली. शेवटी नवरीच्या मामांनी मध्यस्थी केली आणि आभार मानताना 'श्रीयुत फाटक यांची गिटार' असं माईकवरून जाहीर केलं. तेव्हापासून उंब्रजच्या या गड्याचं आडनाव फाटक झालं. बॅनरवरही तेच छापून यायचं. अण्णांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. उलट कुणी 'फाटकसाहेब' म्हटलं की जरा ताठ बसायचे.

बसायचे म्हणजे अँप्लिफायरवर. गिटारवाले तो मागे ठेवून वाजवतात, हे मात्र गादीवर बसल्यासारखे त्याच्यावर मांड ठोकायचे. शोभत नाही म्हणून मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "कानानं कुणीबी ऐकतंय गं. कवातरी बुडानं ऐकून बघ." हे वाक्य पुढे कितीतरी दिवस आमच्या टेम्पोत फिरत होतं.

त्या टेम्पोची नुसती आठवण झाली तरी आता माझी कंबर धरते. सातारा, कराड, पाचगणी, परत सांगली. तीच हळद, तीच वरात, तेच "ताई, एक फास्टमधलं होऊ द्या". अलीकडे तर निम्मं संगीत पेनड्राइव्हमधूनच येतं, आणि आम्ही त्याच्यासमोर उभे राहून हातवारे करतो. वादक एकेक करून गळाले. अण्णा टिकले, पण त्यांचा आवाज लग्नागणिक वाढत गेला. मी ओरडून गायचे आणि घरी येऊन गुळण्या करत बसायचे. ऑर्केस्ट्राचे मालक लांबून 'कमी करा' अशी खूण करायचे. अण्णा मान डोलवायचे आणि आवाजाचं बटण आणखी पुढे फिरवायचे. म्हाताऱ्याचा हट्ट, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

साताऱ्याजवळच्या एका हळदीत स्टेज अगदीच चिंचोळं निघालं. अँप्लिफायर खाली ठेवावा लागला आणि अण्णांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली. दुसऱ्याच गाण्यात कुणाचा तरी पाय अडकला आणि त्यांच्या गिटारची वायर निघाली. अण्णा वाजवतच राहिले. डोळे मिटलेले, बोटं तारांवर धावताहेत, पाय फाटक्यावर दाबलेला, आणि आवाज काहीच नाही. समोरची पोरं हसून हसून लोळायला लागली. त्यांना वाटलं, नक्कल चालली आहे. गाणं संपल्यावर अण्णांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, कसं झालं म्हणून. ते अँप्लिफायरवर का बसायचे हे मला तेव्हा कळलं. पुढचं गाणं मी कसं म्हटलं ते आठवत नाही.

वायर निघाली होती हे नंतर कुणीतरी त्यांना हातात धरून दाखवलं. परतीच्या वाटेवर ते स्वतःच म्हणाले, "मालक, माजं नाव काढा आता. कीबोर्डात गिटार हाय की." मालक भले गृहस्थ, 'अहो, असं कसं, अण्णा' वगैरे म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नसावं. उंब्रजच्या फाट्यावर ते गिटार खांद्याला लावून उतरले आणि कुणाकडे न बघता चालू लागले.

मध्यंतरी साताऱ्याहून येताना मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी अँप्लिफायरवर चटणीचा मिक्सर मांडला होता. "कानाचं मशीन आणलंय," त्या म्हणाल्या, "पर लावत न्हाईत. समदं पत्र्यावानी वाजतंय म्हणत्यात." मला बघून अण्णांना मात्र हुरूप आला. मिक्सर खाली उतरवला, गिटार जोडली आणि वाजवायला लागले. एक तार सुरात असेल तर शपथ.

"कसं?"

"छान!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"खोटं बोलतीयास. तोंड बघ तुजं, कारलं खाल्ल्यावानी झालंय."

मग मी मोबाईल काढला. तार सुरात आली की त्यावर हिरवा दिवा लागतो, हे खुणांनी दाखवलं. त्यांनी फोन माझ्या हातात परत ठेवला.

"दिव्याला आनंद हुतोय व्हय गं? तू बस हितं, म्होरं."

मी समोर बसले. ते तार छेडायचे, खुंटी पिळायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी बोट वर करायचे, खाली करायचे, पुन्हा किंचित वर. इतकी वर्षं स्टेजवर उभी राहिले, पण माझ्या चेहऱ्याकडे इतकं जीव लावून कुणी बघितलं नसेल. वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या. शेवटच्या तारेला मी बोट हलवलंच नाही. अण्णांनी सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"लागली की गं!" असं म्हणून ते हसले.