माहेरचा रोट

श्रद्धा आणि भाषा, या दोन गोष्टींवर मी ब्लॉग लिहिते. धुळ्याच्या घरात कामं आटोपली की लॅपटॉप उघडायचा, पोस्ट टाकायची आणि मग कुणी काही म्हटलं का ते सारखं बघत राहायचं. जिवाला म्हणून स्वस्थता नाही. टाकलेल्या दोन ओळी खोडते, परत त्याच लिहिते. नवरा म्हणतो, "एवढा जीव जाळून पटवतेस कोणाला?" मला त्याचा राग येतो, कारण उत्तर मलाही ठाऊक नाही.

यंदा श्रावणात खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटावर लिहिलं. गव्हाच्या पिठाचा, नैवेद्याचा हा रोट आमच्याकडे फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. उरला तर जमिनीत पुरतील, पण लग्न झालेल्या लेकीला देणार नाहीत. ती दुसऱ्या कुळाची झाली. दिला तर घराला बाधतो म्हणे. मी तावातावाने लिहिलं, जी देवी स्वतः बाई आहे ती लेकीला परकी कशी मानेल? लोकांनी पोस्ट डोक्यावर घेतली. मी दोन दिवस हवेत होते.

मग जामनेरजवळ माहेरी गेले. कानबाईचं विसर्जन झालेलं. भाऊ-वहिनी शेतात, पोरं शाळेत. आईने मला स्वयंपाकघरात बसवून ताट वाढलं. खीर, गंगाफळाची भाजी आणि रोट.

"खाय," ती म्हणाली. सत्तरी उलटलेली माझी आई, जिने स्वतः लग्नानंतर माहेरचा रोट कधी चाखला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. हातच पुढे होईना. भावाची पोरं डोळ्यांसमोर आली. धाकटा नुकताच तापातून उठला होता. ब्लॉगवरच्या मराठीत मला कशाचीच भीती वाटत नाही. इथे मात्र तोंडातून घरची बोली निघाली आणि तिच्यासोबत सगळी भीतीही बाहेर आली.

"आई, पोरायले काही झालं तं?"

आईने ताट माझ्याकडे आणखी सरकवलं. तिला वाचता येत नाही.

"मंग लिह्यलं कायले?" ती म्हणाली. "मी तुह्या भावाकून दोनदा वाचून घेतलं. मले तं खरं वाटलं."