खुलासाबाई आणि कारणाचा रकाना

खुलासाबाईंना कोणतेही उत्तर पहिल्या खेपेला पटत नसे. "मोटार गेली" असे कोणी सांगितले, तर त्या आधी सांगणाऱ्याचे तोंड न्याहाळीत आणि मग विचारीत, "तुमी जाताना बगितली, का कुनी सांगितलं?" कोणी सांगितले असेल, तर त्या माणसाचा शोध घेत. एकदा मोटार प्रत्यक्षात उभीच होती. बाई चौकशी पुरी करून येईपर्यंत ती खरोखर निघून गेली. मग त्या कोल्हारच्या रस्त्याने पायी निघाल्या. मोटार गेल्याची खात्री झाल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

त्यांच्याविषयी आज तीन कथा सांगितल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. आमच्या मिशन इस्पितळाच्या स्मरणिकेत कोणा उत्साही लेखकाने लिहिले आहे, की त्या संतापाने आल्या आणि प्रेमाने विरघळून गेल्या. त्यांच्या गावचे लोक सांगतात, की बाईंनी काठी उगारली आणि गोऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांचे पाय धरले. तिसरी कथा आमच्या कंपाउंडरने पसरवली. तिचा समाचार मी पुढे घेणार आहे. मी त्या वेळी इस्पितळात कारकून होतो, आणि ज्या रजिस्टरावरून हे सारे घडले ते माझ्या ताब्यात होते. ज्यांनी ते रजिस्टर डोळ्यांनीही पाहिले नाही त्यांनी थोडे थांबावे, हे बरे.

बाई प्रवरेकाठच्या, कोल्हारजवळच्या एका खेड्यातल्या. महायुद्ध चालू होते, पेट्रोल मिळत नव्हते, आणि कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार खोकत खोकत त्यांना आमच्याकडे आणून सोडी. 'खुलासा' हा शब्द त्यांच्या घरी मामलेदार कचेरीतून आला होता. त्यांच्या मालकांनी जमिनीच्या एका वादात तिथे वर्षानुवर्षे खेटे घातले. पुढे जमीन गेली, मालकही गेले, शब्द तेवढा बाईंपाशी राहिला. "मला ह्याचा खुलासा पायजे," असे त्या इतक्या वेळा म्हणत, की नाव ठेवण्यासाठी कोणाला डोके चालवावे लागले नाही.

त्यांची सून कौसा पहिल्या खेपेला अडली, तेव्हा तिला इस्पितळात आणण्याचा निर्णय बाईंचाच. त्यांचे थोरले दीर घरातले कर्ते पुरुष. त्यांनी गाडीला बैल जुंपू दिले नाहीत. बाईंनी शेजाऱ्यांचे बैल आणले. मुलगा झाला, चांगला धडधाकट. त्याचे रडणे माझ्या टेबलापर्यंत ऐकू येई आणि बाई अभिमानाने विचारीत, "भाऊसाहेब, लिवायला तरास व्हतो का?"

पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते, म्हणून पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि टाक ठेवण्याची रीत आहे. आमच्या मोठ्या सिस्टरांनी वॉर्डात अशा पूजेला साफ नकार दिला. बाईंनी "का?" असे विचारले. सिस्टरांनी कारण सांगितले. बाईंनी त्या कारणाचे कारण विचारले. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाल्या, "व्हरांड्याच्या टोकाला करा, आणि धूर करू नका." सिस्टरांना मी तोवर एकही लढाई हरताना पाहिले नव्हते.

ती पूजा झाली नाही. पाचव्या दिवशी सकाळी बाई पाचवीचे सामान टोपलीत घेऊन मोटारीतून उतरल्या, तेव्हा मूल गेलेले होते. ताप नाही, खोकला नाही, रडणे नाही. पहाटेनंतर केव्हा तरी ते आपल्या पाळण्यात निजल्या जागी गेले. बाईंनी टोपली खाली ठेवली, कौसाजवळ बसल्या आणि दुपारपर्यंत एक प्रश्नही विचारला नाही. हे मी पाहिले आहे. त्या दिवशी त्यांनी आरडाओरडा केला असे लिहिणाऱ्यांनी ते कोठून आणले, हे त्यांनाच विचारावे.

आमच्या रजिस्टरात 'मृत्यूचे कारण' असा एक रकाना होता आणि कोणताही रकाना कोरा ठेवू नये असा दंडक होता. ज्याचे कारण सापडत नसे, त्याच्यापुढे मोठ्या सिस्टरांच्या आज्ञेने आम्ही 'देवाची इच्छा' असे लिहीत असू. आम्हा ख्रिस्ती मंडळींना त्यात काही वावगे वाटत नसे. रकाना भरे आणि मनालाही बरे वाटे. त्या बाळापुढेही मी तेच लिहिले, माझ्या उत्तम अक्षरात.

गावात मात्र इतक्यावर भागत नव्हते. थोरले दीर म्हणू लागले, की सून पांढऱ्या पायाची आहे. झोपेत पोर अंगाखाली घेतले असेल. अशा बाईला माहेरी पाठवावे. राहुरीकडची एक मुलगी त्यांनी पाहूनही ठेवली होती. कौसाचा नवरा सज्जन होता, म्हणजे काकांपुढे त्याला शब्द फुटत नसे. कौसा घरात राहणार की जाणार, हे आता त्या एका रकान्यावर येऊन ठेपले होते. आणि हे त्या घरात फक्त बाईंना कळले होते.

सुतक संपताच त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाकावर त्या कधी बसत नसत. बसले की माणूस सांगेल ते ऐकून घेतो, असे त्यांचे मत होते.

"माझ्या नातवाचं काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले, "देवाची इच्छा."

"कुनी लिवलं?"

"मी."

"तुमाला देवानं सांगितलं?"

मी म्हणालो, "बाई, तशी पद्धत आहे."

त्यांना वाचता येत नव्हते, तरी त्यांनी पान आपल्याकडे वळवून घेतले आणि बराच वेळ पाहिले. "अक्षर झ्याक हाय भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मजकूर खोटा हाय." माझ्या अक्षराची वाखाणणी आजवर अनेक मोठ्या माणसांनी केली आहे, इतकी झोंबणारी वाखाणणी दुसऱ्या कोणी केली नाही. मी थोडा चढ्या आवाजात म्हणालो, की तुम्ही तरी सटवाईचे लिहिलेले मानताच ना? त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सटवाईनं काय लिवलं ते सटवाईला इचारीन. तुमी काय लिवलं ते तुमाला इचारते."

त्यानंतर त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. विचारायचा प्रत्येक प्रश्न लक्षात राहावा म्हणून पदराला एक गाठ. उत्तर पटले की गाठ सोडायची. पहिल्या गुरुवारी सात गाठी होत्या. त्या व्हरांड्यात उभ्या राहून गाठी चाचपीत आणि ओठांतल्या ओठांत प्रश्न घोळवीत. झाले, रोग्यांच्या नातेवाइकांत बोभाटा झाला, की म्हातारी गाठी मारून करणी करते. आमच्या नर्सेस करणी वगैरे मानणाऱ्या नव्हत्या. तसे त्या प्रत्येकीने मला स्वतंत्रपणे सांगितले, आणि प्रत्येकीने इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने वॉर्ड गाठला.

पहाटेची फेरी करणारी नर्स एकोणीस-वीस वर्षांची पोरगी होती. बाईंनी तिला गाठलेच.

"फेरीला आलीस तवा पोर कसं व्हतं?"

"निजलं होतं, आजी."

"निजलं व्हतं का गेलं व्हतं? हात लावला व्हता?"

पोरगी रडू लागली. बाई तिच्याजवळ चक्क खाली बसल्या, फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी तिच्या हातात दिली, ती खाऊन होईपर्यंत पाठीवरून हात फिरवला आणि मग त्याच सुरात म्हणाल्या, "आता सांग. हात लावला व्हता?"

तिने लावला होता. अंग गरम होते, श्वास चालू होता, मूल आपल्या पाळण्यात होते, आणि कौसा तेव्हापासून उजाडेपर्यंत जागीच होती; शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलत होती. त्या शेजारणीचे गाव विचारून घेऊन बाई तिथेही जाऊन आल्या. तेव्हा कुठे ती गाठ सुटली. पाण्याची, दुधाची, खिडकीची, टाळूला घातलेल्या तेलाची, अशा गाठी एकेक करून सुटत गेल्या. शेवटची तेवढी राहिली: मग कशाने?

त्याचे उत्तर डॉक्टरबाईंनीच द्यायचे होते. डॉक्टरबाई परदेशी, मराठी पुस्तकावरून शिकलेल्या. बोलू लागल्या की शुभवर्तमान वाचत आहेत असे वाटे. एका गुरुवारी बाई माझ्यासमोर उभ्या असताना त्या आपण होऊन माझ्या खोलीत आल्या. तिसरी कथा ती हीच: याच प्रसंगी मी बाईंच्या भीतीने औषधांच्या कपाटामागे लपलो, असे आमचा कंपाउंडर मरेपर्यंत सांगत होता. वस्तुस्थिती अशी, की रजिस्टर कपाटाच्या मागल्या फळीवर, खालच्या बाजूला असे, आणि ते काढण्यासाठी कोणालाही वाकावेच लागे. मी जरा जास्त वेळ वाकलो असेन. त्याला लपणे म्हणत नाहीत.

"आजीबाई," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या बालकास मी स्वतः तपासले. नंतर मी पुस्तके पाहिली, मुंबईच्या डॉक्टरांस पत्र धाडले. कारण मजला कळले नाही."

"तुमच्या मुलखात बी असं व्हतं?"

"होते. तेथेही कळत नाही."

बाई किती तरी वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता "कुनी सांगितलं?" येणार. पण त्या म्हणाल्या, "मंग असंच लिवा की."

दारात उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे देवाची इच्छा नव्हती असे म्हणायचे आहे का तुम्हाला?"

"आसंल की," बाई म्हणाल्या. "पर ती तुमाला कळली व्हय?"

डॉक्टरबाईंनी रजिस्टर मागितले, माझी ओळ खोडली आणि वर स्वतःच्या हाताने लिहिले, 'कारण कळले नाही.' अक्षर अगदी सामान्य. ओळ डोंगर चढत गेलेली. बाई म्हणाल्या, "पोराच्या आईचं बी लिवा." डॉक्टरबाईंनी पुढे लिहिले, 'मातेकडून कोणतीही चूक झाली नाही.' मग बाईंनी कमरेची पिशवी उघडून एक घडी केलेला कागद काढला. पाचवीच्या टोपलीतला, सटवाईसाठी आणलेला तो कोरा कागद. "ह्याच्यावर उतरून द्या, भाऊसाहेब." मी उतरून दिले. त्याहून सुंदर अक्षर मी आधी किंवा नंतर काढलेले नाही. डॉक्टरबाईंनी सही केली, आणि बाईंनी शेवटची गाठ दातांनी सोडली. काठी नाही, पाय धरणे नाही, विरघळणेही नाही. घडले ते एवढेच.

लिहिणाऱ्यानेच वाचावे, या बाईंच्या आग्रहामुळे मला त्यांच्या गावी जावे लागले. देवळासमोर भाऊकी बसली होती. मी वाचले. थोरले दीर हसले. "इतके दिस हेलपाटे घालून हेच आनलं व्हय? कळलं न्हाई, एवढंच कळलं?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "इतकं शिकून त्यांना कळलं न्हाई. तुमाला बसल्या जागी कसं कळलं, भावजी? त्याचा खुलासा करा."

दिरांनी तंबाखू मळायला घेतली. एका दुपारीत गावाची मने पालटतात असे मी म्हणणार नाही, स्मरणिकावाले म्हणतील. पण नंतर ते ज्या ज्या वेळी तोंड उघडीत, त्या त्या वेळी कोणी तरी खुलासा मागे. राहुरीकडची मुलगी त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या घरी पडली. कौसा आपल्या घरी राहिली.

दीड वर्षाने बाई तिला घेऊन पुन्हा आमच्याच दारात उतरल्या. मी चकित होऊन विचारले, "पुन्हा इथेच?" त्या म्हणाल्या, "दुसरीकडं समद्यांना समदं कळतं. तिथं कशाला नेऊ?" मुलगी झाली. पाचवी व्हरांड्याच्या टोकाला झाली, धुराशिवाय. टाक मात्र बाईंनी माझा मागून नेला. "टाक तुमचा असू द्या," त्या म्हणाल्या. "मजकुराचं सटवाई बगंल."

त्यानंतर माझ्या रजिस्टरात 'देवाची इच्छा' पुन्हा आली नाही. 'कारण कळले नाही' इतक्या वेळा आले, की वरून विचारणा झाली: इतक्या नोंदींत कारण का कळत नाही, याचा खुलासा करावा. तो मी केला. बाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि एकच दुरुस्ती सुचवली, 'कळले नाही'च्या आधी 'अजून' घालावे; ती मी अर्थातच स्वीकारली नाही. आता वाटते, स्वीकारायला हवी होती.

देश स्वतंत्र झाल्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात बाई गेल्या. मला कळले तेव्हा मी गेलो. अंगणात लोक बसले होते. एक म्हणाला, वय झाले होते. दुसरा म्हणाला, देवाने नेले. थोरले दीर म्हणाले, थंडी बाधली. मी कौसाला विचारले.

कौसा उभीच होती. म्हणाली, "सोमवारी जवारीच्या कन्या खाल्ल्या, वाटीभर. मंगळवारी दुपारपातूर बोलत व्हत्या. मंग डाव्या अंगाला दुखतंय म्हनाल्या, पानी मागितलं, दोन घोट घेतलं. उन्हं उतरायच्या टायमाला श्वास राहिला. आत काय झालं ते कळलं न्हाई."

माझ्या तोंडून नकळत निघून गेले, "हे कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई, भाऊसाहेब," कौसा म्हणाली. "मी बगितलं. त्यांचा हात माझ्या हातात व्हता."