काजूगरांची पुरचुंडी

फाल्गुनात काजूची बी हिरवी असते. चिरताना तिचा चीक बोटांना डसतो आणि ओल्या गराचा दुधट, किंचित तुरट वास दिवसभर हाताला चिकटून राहतो. छत्तीस वर्षे मी तो वास घरात येऊ दिला नव्हता.

यंदा सूनबाई, स्नेहल, सात महिन्यांची गरोदर. महाडला तपासणीसाठी तिच्यासोबत मीही जाई. वजन आणि रक्तदाब पाहून झाले की डॉक्टरीणबाई तिला विचारीत, झोप लागते का, उगाच रडू येते का, मनातले कोणाशी बोलता का. आईच्या मनावरचा ताण फार दिवस कोंडून राहिला तर तो पोटातल्या जिवालाही जाणवतो, असे त्या म्हणाल्या. मात्र मुलाच्या वाढीमागे तेवढे एकच कारण नसते, हेही म्हणाल्या. माझा मुलगा मिलिंद औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. घरी आल्यावर तो तिला रोज हेच प्रश्न विचारी, आणि ती उत्तर देई. मला त्याचा मत्सर वाटे. बहात्तराव्या वर्षी बापाने मुलाचा मत्सर करावा, हे शोभत नाही. पण ते खरे आहे.

मिलिंद पोटात होता तेव्हा हिची, म्हणजे माझ्या बायकोची, आई आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत राहत असे. लेकीचे डोहाळे म्हणून ती दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरकडे ओल्या काजूगरांची पुरचुंडी देई. हिला सातवा लागला आणि आई अचानक गेली. गरोदर बाईच्या कानी मरणाची बातमी घालू नये, ही आमच्याकडची रीत, आणि मी शिक्षक होतो; रीत मी नेटाने पाळली. पोलादपूरच्या बाजारात काजूगर घेतले, जुन्या फडक्यात बांधले आणि तुझ्या आईने पाठवले, असे सांगून हिच्या हाती दिले. हंगाम संपेपर्यंत देत राहिलो. ही ते घेई, फडताळात ठेवी आणि भिंतीकडे तोंड करून निजे. मी त्याला थकवा म्हटले. बाळंतपणानंतर खरे सांगितले तेव्हाही ही रडली नाही. लहानपणी मिलिंद भांडे वाजले तरी दचकून थरथरे. तो बोलला चौथ्या वर्षी. मी त्याला हट्टी ठरवले.

यंदा होळीनंतर एका सकाळी उमरठहून फोन आला, स्नेहलचे वडील गेले. मिलिंद रात्रपाळी संपवून दारात आला तोच मी त्याला बजावले, बाळंतपण होईपर्यंत घरात कोणी तोंड उघडायचे नाही. त्याने डबा खाली ठेवला.

"बाबा, उद्या तिनं विचारलं, तुला ठाऊक होतं का, तर मी काय सांगू?"

तो आत गेला. तिचा हंबरडा पडवीपर्यंत आला. त्याने तिला गप्प केले नाही, जवळ बसून राहिला. पुष्कळ वेळाने तिने पाणी मागितले. मग डॉक्टरीणबाईंना विचारून ती दोघे उमरठला गेली, आणि वडिलांना शेवटचे पाहून परतली.

तिसऱ्या दिवशी, उन्हे कलती असताना, ही आत सुनेची वेणी घालत होती. मी पडवीत होतो.

"मला कोनी सांगलं नाय गो. पन पयल्याच पुरचुंडीला कळलं. माजी आय डावरी, तिची गाठ उलटी पडायची. ही गाठ मास्तरांची व्हती."

"मग विचारलं नाहीत, आई?"

"कसं इचारू? मला जपतायत, असं वाटत व्हतं त्यांना."

मग ही रडली. छत्तीस वर्षांपूर्वीचे ते रडणे तिने सुनेच्या खांद्यावर मोकळे केले, आणि मी भिंतीच्या अलीकडे, डोळे कोरडे ठेवून, बाप गमावलेल्या त्या सुनेचा हेवा करीत बसलो. ते रडणे माझ्यापाशी यायला हवे होते. त्याची वाट मीच गाठ मारून बंद केली होती, आणि तीही किती नीटनेटकी.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी काजूगर आणले. फडक्यात बांधले नाहीत. ताटलीत उघडे ठेवून हिच्यापुढे ठेवले. वास घरभर पसरला.

"त्या दिवसांत तुला झोप लागत होती का?" मी विचारले.

ही गर सोलत राहिली. मग सोललेला एक गर तिने ताटलीच्या माझ्याकडच्या कडेला सरकवला. ते उत्तर होते की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.