त्रिंबक हवालदाराचा चौक

माळशिरसहून येऊन सोलापुरात पोलीस झालेल्या त्रिंबकला पगार कमी म्हणून दुःख नव्हतं, आणि दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं म्हणूनही नव्हतं. त्याच्या पोटात दुखायचं ते कन्ना चौकातल्या सिद्धाप्पामुळे. दोघं एकाच वर्षी भरती झालेले, दोघंही वाहतुकीला, चौकही लागोपाठचे. पण चौऱ्याहत्तर साली सायकलवाले मान द्यायचे तो एकट्या सिद्धाप्पाला.

तेव्हा सायकलवर डबलसीट जायला बंदी होती, आणि गिरणीच्या पाळीला निम्मे कामगार डबलसीटच यायचे. कन्ना चौक दिसला की मागचा उतरायचा, पुढचाही उतरायचा. सायकल हातात धरून दोघं चालत चौक ओलांडायचे आणि जाताना एकदा घंटी वाजवायचे. त्यांच्यासाठी सिद्धाप्पा ट्रकसुद्धा अडवून धरायचा. पलीकडे जाऊन ते पुन्हा टांग मारायचे, तेव्हा हा नेमका दुसरीकडे बघत असायचा.

त्रिंबकच्या चौकात कुणी उतरायचं नाव घेत नव्हतं. लोक अलीकडच्या बोळातून पसार व्हायचे, नाहीतर मान खाली घालून सुसाट सुटायचे. मग त्रिंबक दबा धरून पकडायचा आणि चाकातली हवा सोडायचा, शिव्या वेगळ्याच. सरळ सांगायचं तर तो जळत होता, आणि ती जळजळ गिरणीवाल्यांच्या ट्यूबांवर निघत होती. बायको वच्छला एकदा सहज म्हणाली, "सिद्धाप्पा भावजी लई सबुरीचं हायत की." त्या दिवशी हा गडी जेवला नाही.

एका सकाळी ड्यूटीला निघाला आणि वाटेतच त्याच्या सायकलचा टायर फाटला. साहेबांची फेरी तोंडावर आलेली. सायकल एका दुकानाला टेकवून तो पायीच झपाझप चालू लागला. मागून हरिबा आला. गिरणीतला हा कामगार. त्याच्या सायकलची हवा त्रिंबकनं गेल्याच आठवड्यात सोडली होती.

"बसा की मागं, हवालदार," हरिबा थांबून म्हणाला.

त्रिंबकनं पुढंमागं रस्ता पाहिला आणि वर्दीसकट कॅरियरवर बसला.

कन्ना चौक आला तसा हरिबानं ब्रेक दाबला. "उतरा."

त्रिंबकच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "भेतोस व्हय त्याला?"

"भ्यायचं कशाला? बसून गेलो तर त्याला धरावं लागंल आमाला. त्याच्यावर ती पाळी कशाला आनायची?"

दोघं चालत निघाले. सिद्धाप्पानं हात करून एक ट्रक थांबवला, वाट करून दिली, आणि इतर कामगारांकडं बघायचा तसंच त्रिंबककडं बघितलं. हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं त्रिंबकला वाटलं. मग त्याचा मनसोक्त राग तरी करता आला असता. हरिबानं घंटी वाजवली आणि दोघं पुन्हा सायकलवर बसले.

त्रिंबकचा चौक जवळ आला. हरिबा पायडल मारतच होता.

"हितं उतरायचं न्हाय?" त्रिंबकनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"हितं कशाला? हितला पोलीस तर मागं बसलाय."

हरिबाच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच त्रिंबकला जास्त लागलं.

"थांब," तो म्हणाला आणि उतरला. नाइलाजानं हरिबाही उतरला. सायकल धरून दोघांनी चौक ओलांडला. मग हरिबानं टांग मारली आणि घंटी न वाजवताच तो निघून गेला.

त्या चौकात आपणहून उतरलेला पहिला माणूस त्रिंबक स्वतःच होता. टोपी नीट करून तो आपल्या जागेवर उभा राहिला. कन्ना चौकाकडून एकेक घंटी ऐकू येत होती.